वाचकांचे प्रश्न : गल्ली पुढे का जात नाही?

वाढत्या गावांतल्या रस्त्यांविषयी वाचकांनी पाठवलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. घर पाडून नवे बांधता येते. रस्त्याची रेघ मात्र एकदा जमिनीवर उमटली की तिच्या दोन्ही अंगांना सातबारे, नळ, गटारे आणि भिंती येऊन बसतात, आणि मग ती रेघ हलत नाही. त्यामुळे आज ज्या शिवारात प्लॉट पडत आहेत, तिथल्या माणसांनी हे प्रश्न आजच विचारायला हवेत.

प्रश्न : शहर पसरले असे आपण सहज म्हणतो. पण रस्त्यांचे जाळे जोडलेले राहिले की तुटक झाले, हे आकड्यात कसे सांगायचे? नववीच्या मुलांकडून करून घेता येईल का?
— शिक्षिका, अंबाजोगाई

नक्की येईल, वही-पेन्सिल पुरते. गावाच्या नकाशावर एक किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद असा चौकोन आखा. त्यात जिथे जिथे रस्ता संपतो किंवा दुसऱ्याला मिळतो तिथे ठिपका द्या आणि त्या ठिपक्याला किती फाटे फुटतात ते लिहा. बंद गल्लीच्या टोकाला १, तिठ्याला ३, चौकाला ४. रस्ता नुसता वळला तर ठिपका द्यायचा नाही. सगळ्या फाट्यांची बेरीज करून ठिपक्यांच्या संख्येने भागले की सरासरी मिळते.

समजा १०० ठिपके निघाले. त्यात २२ बंद टोके, ६० तिठे, १८ चौक. बेरीज २२ + १८० + ७२ = २७४, म्हणजे सरासरी २.७४. शेजारच्या जुन्या पेठेत १० बंद टोके, ४५ तिठे आणि ४५ चौक निघाले तर सरासरी ३.२५ येते. दोन आकड्यांत फरक अर्ध्याचाच दिसतो, पण पहिल्या वस्तीत दर पाच ठिपक्यांमागे एकाहून जास्त ठिकाणी माणसाला आल्या पावली परतावे लागते.

एवढ्यावर थांबू नका, आणखी दोन गोष्टी मोजायला सांगा. पहिली, चौकोनात एकूण तिठे आणि चौक किती. संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने, म्हणजे यूएन-हॅबिटॅटने, चौरस किलोमीटरला ८० ते १०० छेद आणि किमान १८ किलोमीटर लांबीचे रस्ते असावेत असे सुचवले आहे. दर १०० मीटरवर रस्ता असलेली सरळ चौकट आखून पाहा, साधारण १०० छेद आणि २० किलोमीटर रस्ता भरतो. दुसरी गोष्ट वळशाची. कोणतीही दहा घरे निवडा. प्रत्येक घरापासून शाळेपर्यंतचे रस्त्याने अंतर काढा आणि त्याला सरळ रेषेतल्या अंतराने भागा. उत्तम चौकटीतही हे गुणोत्तर सरासरी १.२७ येते, आणि कर्णाच्या दिशेला फार तर १.४१. कुठे ३ किंवा ४ आले तर त्या वस्तीत कुठेतरी रस्ता अडला आहे.

मुलांच्या दोन चुका ठरलेल्या असतात. चौकोनाच्या कडेवर कापला गेलेला रस्ता ती बंद गल्ली धरतात. तो पुढे चालू असतो, म्हणून तिथे ठिपका नाही. आणि नकाशात आरपार दिसणाऱ्या रस्त्यावर प्रत्यक्षात कुलूपबंद फाटक असते. म्हणून नकाशावर मोजून झाले की एकदा सगळ्यांना चालत फिरवून आणा, त्याशिवाय आकडे वहीत उतरवू नका.

प्रश्न : नांदेडच्या रस्त्यांची जोडणी गेल्या ४०-५० वर्षांत कशी बदलली, यावर प्रकल्प करायचा आहे. जुने रस्ते कुठे बघायला मिळतील? कोणती सॉफ्टवेअर लागतील?
— स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नांदेड

जुन्या उपग्रहचित्रांत तुम्ही रस्ते शोधायला जाल आणि निराश व्हाल. १९८२ नंतरच्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर ३० मीटरचा असतो, २०१५ नंतरच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा १० मीटरचा. ९ मीटरची गल्ली त्यात कुठून दिसणार? दिसते ती बांधीव जागा. म्हणून रीत उलटी आहे. रस्ते आजच्या नकाशातून घ्यायचे आणि त्यांना वय जुन्या चित्रांतून द्यायचे. ज्या भागात बांधकाम १९९० च्या चित्रात नाही आणि २००० च्या चित्रात आहे, तिथले रस्ते त्या दशकातले धरायचे. गल्ली सहसा जागा बदलत नाही, म्हणून हे चालते.

ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या संशोधकांनी साऱ्या जगासाठी हेच केले. ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशातले रस्ते आणि १९७५ पासूनची बांधीव क्षेत्राची उपग्रहमालिका त्यांनी एकावर एक ठेवली. २०२० मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की लोकसंख्येने सर्वांत मोठ्या १३४ देशांपैकी ९० टक्के देशांत १९७५ नंतर नव्या वस्त्यांतले रस्ते कमी जोडलेले होत गेले, आणि २००० नंतर सुधारणेकडे वळलेले देश फक्त २९ टक्के. याच दोघांच्या अमेरिकेवरच्या आधीच्या अभ्यासात तिथल्या नव्या रस्त्यांचा तुटकपणा १९९४ च्या सुमारास कळसाला पोचून मग उतरणीला लागलेला दिसतो. तो कल वळू शकतो, हे तुमच्या प्रकल्पात जरूर मांडा.

आता कामाचा क्रम. क्यूजीआयएस हे नकाशांचे मोफत सॉफ्टवेअर घ्या, रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून उतरवा. नकाशाचे प्रक्षेपण मीटरांत मोजणारे यूटीएम ४३ उत्तर ठेवा. ते अक्षांश-रेखांशातच राहिले तर लांबी अंशांत येते आणि पुढचे सगळे गणित निरर्थक होते. पायथन ही संगणकाची भाषा येत असेल तर जेफ बोइंग यांचे ओएसएमएनएक्स हे साधन फाटे, बंद टोके, वळसा सगळे मोजून देते. दुभाजक असलेला रस्ता नकाशात दोन रेघांनी काढलेला असतो, त्यामुळे एका चौकाचे चार छेद होतात. म्हणून १० ते १५ मीटरच्या आतले ठिपके एकत्र करण्याची सोय आधी वापरा, मग मोजा. उड्डाणपुलाखालून जाणारा रस्ता पुलाला छेदतो असे चुकून धरले गेले का, तेही बघा.

वय ठरवायला २००० नंतरच्या काळासाठी गूगल अर्थ प्रोमधली घड्याळाची खूण उपयोगी पडते, तिथे जुनी स्पष्ट चित्रे सरकवून बघता येतात. त्याआधीच्या काळासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे बघा. सगळ्यांत खात्रीचा पुरावा मात्र ले-आऊटच्या मंजुरी आदेशावरची तारीख. आपल्याकडे प्लॉट पाडल्यावर दहा-दहा वर्षे जागा मोकळी राहते, त्यामुळे घरांवरून काढलेले वय रस्त्याच्या खऱ्या वयापेक्षा कमी निघते. ही चूक किती वर्षांची आहे ते चार-पाच ले-आऊटचे आदेश बघून ताडून घ्या.

सर्वांत महत्त्वाचे : साऱ्या शहराची एकच सरासरी देऊ नका. समजा १९९० मध्ये १,००० ठिपके होते, सरासरी ३.१. पुढे आणखी १,००० आले, त्यांची सरासरी २.६. एकूण आकडा २.८५ येतो आणि वाचणाऱ्याला वाटते फारसे बिघडले नाही. जुने शहर नव्याची चूक झाकत असते. म्हणून दर दशकात नव्याने आलेल्या रस्त्यांचा आकडा स्वतंत्र द्या. नांदेडमध्ये तीन नमुने सहज मिळतील : गोदाकाठचे जुने गाव, नदीच्या दक्षिणेला आखून वसवलेले सिडको-हडको, आणि कडेचे खासगी ले-आऊट. तिघांचे चौकोन सारख्याच मापाचे ठेवा.

प्रश्न : आमच्या मागच्या गल्लीतले घर गच्चीवरून हाकेच्या अंतरावर आहे. पायी जायचे तर मुख्य रस्त्यावर येऊन पुन्हा आत शिरावे लागते, दहा मिनिटे जातात. असे प्लॉट पाडतातच का?
— गृहिणी, सातारा परिसर, छत्रपती संभाजीनगर

कारण प्लॉट पडण्याच्या कितीतरी आधी शेताच्या वाटण्या पडलेल्या असतात. भावाभावांत वाटणी होताना प्रत्येकाला रस्त्याचे तोंड हवे असते, म्हणून शेत लांबीने चिरले जाते. रस्त्यावर तोंड ४० मीटर आणि आत खोली २०० मीटर, अशी सुमारे दोन एकरांची पट्टी तयार होते. पट्टीचा मालक ती एकटीच विकतो. घेणारा मधोमध एक रस्ता टाकतो, दोन्ही बाजूंना प्लॉट पाडतो आणि रस्ता मागच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, टेकून संपतो. शेजारच्या पट्टीतही तेच होते. वरून पाहिले तर मुख्य रस्ता हा कंगव्याचा दांडा आणि गल्ल्या हे दात.

हिशेब करून बघा. दोन शेजारच्या दातांच्या टोकाशी दोन घरे आहेत. सरळ अंतर ४० मीटर. रस्त्याने २०० मीटर बाहेर, ४० मीटर आडवे, २०० मीटर आत, म्हणजे ४४० मीटर. अकरा पट! आणि ही सारी ये-जा मुख्य रस्त्यावरूनच होणार, म्हणून तिथे सकाळी गर्दी तुंबते आणि लोक म्हणतात रस्ता रुंद करा. रुंद करून ती गर्दी हटत नाही, कारण गल्लीतल्या माणसाला जायला दुसरी वाटच नसते.

तुमच्या परिसरात यावर आणखी दोन अडसर आहेत : उत्तरेला मनमाड–काचीगुडा लोहमार्ग आणि वस्तीच्या अंगाने जाणारा बीड बायपास. लोहमार्ग ओलांडण्याच्या जागा मोजक्याच असतात, त्यामुळे प्रत्येक फेरी त्या मोजक्या जागांकडे वळते. बायपास म्हणून काढलेल्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना शहर आले की तो गावातलाच रस्ता होतो, पण आडवे जाण्याच्या सोयी मात्र बायपासच्याच राहतात.

गुंठेवारीत हे दुखणे जास्त खोल आहे. गुंठ्या-गुंठ्याने, म्हणजे १,०८९ चौरस फुटांनी जागा विकली गेली, रस्ते १५-२० फुटी राहिले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची अशी बांधकामे नियमित करण्याची वाट दिली. नियमित होतो तो प्लॉट. गल्लीचे टोक जिथे होते तिथेच राहते. वस्तीने एकत्र येऊन जोडवाट मागायची खरी वेळ हीच आहे, कारण या वेळी साऱ्या वस्तीची मोजणी आणि नकाशा एका टेबलावर असतो. एकेकाने आपापली फाइल पुढे नेली की ही संधी जाते.

प्रश्न : जुन्या जालन्यातही बोळ आहेत, वाकडेतिकडे आहेत. मग ती वस्तीसुद्धा तुटकच म्हणायची का?
— व्यापारी, जालना

नाही. जुन्या वस्तीतला बोळ वीस-तीस पावलांत संपतो, त्याच्या तोंडाशी दुसरी गल्ली असते आणि तिला पुढे दोन वाटा फुटतात. बंद टोके आहेत, पण छेदही दाट आहेत, त्यामुळे वळसा पडला तरी तो मीटरांत पडतो, किलोमीटरांत नाही. बंद गल्ल्या नुसत्या मोजू नका, त्यांची लांबीही लिहा. वाकडेपणाला तर मुळीच भिऊ नका. वाकडी पण आरपार गल्ली ही सरळ पण बंद गल्लीपेक्षा कधीही चांगली.

प्रश्न : लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते मिळतात. इतकी जोडणी दुसरीकडे कुठे असेल? नव्या वसाहतीही अशाच गोल आखाव्यात का?
— निवृत्त कर्मचारी, लातूर

गंजगोलाईचा आराखडा हैदराबाद संस्थानच्या काळातला, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा, १९१७ चा. एकेका रस्त्याला एकेका मालाची पेठ : सोने, चपला, मिरची, गूळ. बाजारासाठी ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे, कारण चहूकडून येणाऱ्या गाडीला मध्यावर आणायचे होते.

वसाहतीसाठी हाच नमुना घेताना भूमिती आडवी येते. १६ रस्ते म्हणजे दोन रस्त्यांत साडेबावीस अंश. मध्यापासून ५०० मीटरवर शेजारच्या दोन रस्त्यांत सुमारे १९५ मीटर अंतर पडते आणि एक किलोमीटरवर ३९०. जितके बाहेर जाल तितके रस्ते एकमेकांपासून लांब जातात, आणि आडवी गल्ली नसेल तर शेजारच्या पेठेत जायलाही मध्यावर यावे लागते. म्हणजे मध्यावर फाटे सोळा, पण कडेच्या माणसाला पर्याय एकच. गोल आखायचेच असेल तर दर १५० मीटरवर आडवे वळे घाला आणि बाहेर जाताना मधे नवे रस्ते फोडा. एवढे सगळे करायचे तर साधी चौकट स्वस्त पडते, प्लॉटही काटकोनी मिळतात. चौकट पाहायची तर कुठल्याही आखीव वसाहतीपेक्षा आधी पुढच्या प्रश्नातली गावे पाहा.

प्रश्न : भूकंपानंतर आमचे गाव सरळ चौकटीत वसवले. चौकांना तोटा नाही. तरी जुन्या गावासारखी वर्दळ नाही, दुकान लांब, शाळा लांब. जोडणी चांगली असूनही असे का?
— शेतकरी, औसा तालुका

तुम्ही विषयाची दुसरी बाजू मांडली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावे नव्या जागी पूर्णपणे वसवली गेली. भूखंड मोठे, रस्ते रुंद, घरे सुटी-सुटी. पडझड झाली तरी माणूस उघड्यावर निघू शकावा, हा हेतू योग्यच होता. पण गावाने मूळ गावठाणाच्या कितीतरी पट जागा व्यापली.

फाट्यांची सरासरी तुमच्या गावात उत्तम येईल. तरी चालण्याचे मीटर वाढले, कारण जोडणी आणि दाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौक असूनही चौकाचौकात अंतर मोठे असेल तर दुकानाला गिऱ्हाईक पुरत नाही. मराठवाड्यात तिसरी गोष्टही धरावी लागते, ती सावली. जुन्या गल्लीत एका बाजूच्या भिंतीची सावली दुसरीपर्यंत पोचायची. रुंद रस्त्यावर ती पोचत नाही आणि मे महिन्यात दुपारी रस्ता ओस पडतो. आता उपाय गाव न हलवता करायचा : वापरात नसलेली रुंदी झाडांच्या दोन ओळींना द्या, आणि नवी घरे, दुकाने, अंगणवाडी यांना गावाच्या कडेला नव्हे तर मधल्या मोकळ्या भूखंडांवरच जागा द्या.

प्रश्न : आमच्या कॉलनीच्या टोकाची भिंत पाडून रस्ता पुढे जोडण्याचा प्रस्ताव आहे. रहिवाशांचा विरोध आहे : बाहेरची वाहने घुसतील, अपघात होतील, चोऱ्या वाढतील. काय करावे?
— गृहनिर्माण संस्थेचे पदाधिकारी, परभणी

वाहनांची भीती खरी आहे. एकच गल्ली उघडली तर आसपासची सारी वाहने तिच्यातूनच जातात. दहा गल्ल्या उघडल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला थोडी येतात. म्हणून एकट्याने नव्हे, शेजारच्या दोन-तीन कॉलन्यांनी मिळून उघडायचे. अपघाताचेही खरे आहे. चौकात वाहनांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींना भिडतात, तिठ्यात ९ ठिकाणी. म्हणून आतल्या रस्त्यांवर चौकाऐवजी थोड्या अंतराने सरकलेले दोन तिठे चालतात, आणि चौक ठेवायचाच तर छेदाची सारी जागा फूटपाथच्या पातळीला उचलून घ्या, वाहन आपोआप मंदावते.

मधली वाटही आहे. भिंत पाडा, पण गाड्यांना अडवा. वाटेत खांब रोवायचे, दोन खांबांत मोकळी जागा १.२ मीटर. चाकाची खुर्ची, सायकल, बाळाची गाडी जाते, मोटार अडते. दुचाकी मात्र जाईल, तिला थांबवायला खांबांची दुसरी रांग दीड-दोन मीटरवर, आडवी सरकवून लावावी लागते. मधला खांब कुलपाचा ठेवा, म्हणजे रुग्णवाहिकेला आणि अग्निशमनाच्या गाडीला काढून देता येईल. किल्ली कोणाकडे आहे ते खांबावरच लिहा. किल्ली सापडली नाही म्हणून खांब कायमचे उखडले जातात, हा ठरलेला शेवट आहे.

चोरीबद्दल एवढेच : अंधारी, निर्मनुष्य वाट धोक्याची, मग ती बंद असो की उघडी. जोडवाट तीन मीटरहून अरुंद ठेवू नका, दोन्ही तोंडे एकमेकांकडून दिसली पाहिजेत, मधे वळण नको, आणि दिवा पहिल्या दिवसापासून हवा.

प्रश्न : आमच्या गल्लीच्या टोकाला नळाला पाणी सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत गढूळ येते. याचा रस्त्याशी संबंध आहे का?
— वाचक, उदगीर

थेट आहे. जलवाहिनी रस्त्याखालून जाते. गल्ली बंद म्हणजे वाहिनीही बंद टोकाची. पाणी एकाच बाजूने येते, वाटेतल्या प्रत्येक घराने ओढून उरलेला दाब टोकाला पोचतो. आठवड्यातून एक-दोनदा पाणी सुटणाऱ्या गावात मधल्या दिवसांत वाहिनीत गाळ टोकाशी बसतो आणि पहिले पाणी गढूळ येते. तात्पुरता उपाय म्हणून टोकाला गाळ सोडण्याचा व्हॉल्व्ह बसवून पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे तो उघडा ठेवतात.

कायमचा उपाय म्हणजे मागच्या गल्लीची वाहिनी जोडून फेर पूर्ण करणे. त्यासाठी रस्ता लागत नाही, तीन मीटरची सार्वजनिक पट्टी पुरते. मात्र दोन गल्ल्या वेगवेगळ्या जलकुंभांवर असतील तर सरळ जोडू नका. एका भागाचे पाणी दुसऱ्यात ओढले जाते आणि दोन्हीकडे तक्रारी सुरू होतात. अशा जोडावर बंद व्हॉल्व्ह ठेवून अडचणीच्या वेळीच तो उघडतात. उन्हाळ्यात टँकर येतो त्याचेही तेच : बंद गल्लीत त्याला उलटे बाहेर पडावे लागते, म्हणून चालक तोंडाशीच थांबतो आणि टोकाच्या बायाबापड्यांना घागरी घेऊन पळावे लागते. घंटागाडीही तिथूनच परतते.

प्रश्न : आमच्या वॉर्डात चार नवे ले-आऊट मंजुरीला आहेत. नागरिक म्हणून नकाशात नेमके काय तपासावे? हरकत कुठे घ्यावी?
— नगरसेविका, बीड जिल्हा

एकेक ले-आऊट वेगळा बघू नका. चारही आणि त्यांच्या लगतचे आधी मंजूर झालेले, सगळे एकाच मापात, पारदर्शक कागदावर किंवा संगणकावर जोडून ठेवा. त्याखाली गाव नकाशा आणि विकास आराखडा घाला. निम्म्या चुका तिथेच दिसतील : एकाचा रस्ता जिथे धुऱ्याला टेकतो, तिथे दुसऱ्याचा प्लॉट.

राज्याच्या डिसेंबर २०२० च्या एकत्रिकृत विकास नियमावलीत लगतच्या जमिनींतल्या रस्त्यांशी मेळ घालण्याची तरतूद आहे. तिचा आधार घेऊन लेखी मागा. रस्त्यांची रुंदी लांबीवर ठरते : १५० मीटरपर्यंत ९ मीटर, ३०० पर्यंत १२, पुढे १५. बंद गल्ली १५० मीटरपर्यंत चालते, गाडी वळवायला आणखी एक वळणजागा दिली तर २७५ पर्यंत. वळणजागा किमान ८१ चौरस मीटर आणि कोणतीही बाजू ९ मीटरहून कमी नको. ही जागा नकाशात असते आणि जमिनीवर तिथे मोटारी उभ्या असतात, किंवा मंदिर.

मग ले-आऊटच्या प्रत्येक बाजूला दर १५० ते २०० मीटरला एक तरी रस्ता हद्दीला टेकतो का बघा. हद्दीला म्हणजे हद्दीलाच. टोकाला फूटभर पट्टी मालकाच्या नावावर ठेवली किंवा खुली जागा आडवी टाकली की पुढचा रस्ता कायमचा अडकतो. रस्त्यांचा ताबा नगरपालिकेकडे दिल्याची नोंद मागा. पातळीही बघा : मुरूम टाकून एक ले-आऊट दोन-तीन फूट वर उचलला जातो आणि कागदावर जुळलेले रस्ते जागेवर जुळत नाहीत, पावसाळ्यात पाणी खालच्याच्या घरात जाते.

विकासक म्हणेल, जोडरस्त्यात प्लॉट जातो. किती जातो ते त्याच्यासमोर मांडा. ३० मीटर खोलीच्या प्लॉटच्या ओळीतून ९ मीटरचा रस्ता काढायला २७० चौरस मीटर, म्हणजे २.७ गुंठ्यांच्या आसपास जागा लागते. त्यातले ८१ चौरस मीटर वळणजागा वाचल्याने परत मिळतात. नुसती पायवाट तीन मीटरची काढली तर ९० चौरस मीटर, एका गुंठ्याहूनही कमी.

गाव नकाशातली तुटक रेघ डोळ्यांत तेल घालून शोधा. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट, दुहेरी म्हणजे गाडीवाट. पांदण आणि शिवरस्ता हाच उद्याच्या शहराचा सांगाडा असतो, कारण तेवढीच वाट कुणा एकाच्या मालकीची नसते. ती नांगरून घेतली असेल तर मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ प्रमाणे तहसीलदारांकडे अडथळा काढण्याचा अर्ज करता येतो. शेताच्या बांधावरून वाट मिळवायला जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. मात्र कलम १४३ ची वाट शेतीसाठीची आहे, ती आपोआप शहराचा रस्ता होत नाही. जमीन अकृषिक होण्याआधीच ती ले-आऊटमध्ये रस्ता म्हणून आखून घ्या.

विकास आराखड्यातल्या रस्त्याचा पाठपुरावा सोडू नका. अंतिम आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण संपते. मधला दोनशे मीटरचा तुकडा असा गळला की दोन्ही बाजूंचे केलेले रस्ते बंद गल्ल्या होऊन बसतात.

आणि जिथे पट्ट्याच पट्ट्या आहेत, तिथे सुट्या ले-आऊटने हा प्रश्न सुटणारच नाही. तिथे नगररचना परियोजना मागा. कलम ६० खाली नगरपालिका उद्देश जाहीर करते, सगळ्यांच्या पट्ट्या एकत्र करून रस्ते, मोकळ्या जागा आखल्या जातात आणि प्रत्येकाला थोडा लहान पण चौरस, रस्त्याला लागलेला अंतिम भूखंड परत मिळतो. वाद लवादापुढे जातात. वेळ लागतो, हे मालकांना सुरुवातीलाच स्वच्छ सांगा.

प्रश्न : समृद्धी महामार्गाने मुंबई-नागपूर जवळ आले, पण शेजारच्या गावाला जायला वळसा पडतो. हेही त्याच मोजमापात येते का?
— शेतकरी, जालना जिल्हा

येते. वाहनांना ठरावीक ठिकाणीच चढ-उतर असलेला रस्ता दूरची गावे जोडतो आणि जवळची तोडतो. आधी महामार्गाच्या जागेवर किती पांदणी आडव्या जात होत्या ते जुन्या गाव नकाशावर मोजा, आज त्यातल्या कितींना खालून किंवा वरून वाट आहे ते मोजा. दोन वाटांमधले अंतर आणि भुयारी मार्गाची उंची लिहा, कारण कडब्याने भरलेली ट्रॉली जात नसेल तर ती वाट शेतकऱ्यासाठी नसल्यातच जमा.

प्रश्न : झाले ते झाले. बांधून पूर्ण झालेल्या वस्तीत आता कमी खर्चात काय करता येईल?
— वाचक, हिंगोली

सगळ्या बंद गल्ल्या जोडायच्या नसतात, त्यातल्या पाच-सात निवडायच्या असतात. प्रत्येक बंद टोकासाठी दोन आकडे लिहा : मागच्या रस्त्यापर्यंत किती मीटर जागा उघडावी लागेल, आणि ती उघडल्यावर शाळा, बसथांबा, दवाखाना यांचे अंतर किती मीटरने घटेल. दुसऱ्याला पहिल्याने भागा. ज्याचा भागाकार मोठा ते काम आधी. शाळेकडची वाट असेल तर किती मुले जातात त्याने गुणा.

जागा शोधताना ले-आऊटमधली खुली जागा पहिली बघा. ०.४ हेक्टर आणि त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये ती १० टक्के असते आणि पुष्कळदा टोकाला ढकललेली असते. दोन ले-आऊटच्या खुल्या जागा पाठीला पाठ लावून असतील तर मधल्या भिंतीत दार पाडले की काम झाले. नाल्याने अडलेल्या ठिकाणी मोटारींचा पूल मागत बसू नका, पायी आणि सायकलीचा पूल त्याच्या कितीतरी कमी खर्चात होतो. मात्र त्याचा पाया काळ्या मातीत टेकवू नका. ती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि दोन-तीन वर्षांत खांब कलतो. खाली मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खणा, आणि पुलाची पातळी नाल्याला आलेल्या सर्वांत मोठ्या पुराच्या खुणेच्या वर ठेवा. ती खूण काठावरच्या जुन्या घरातल्या माणसांना भिंतीवर दाखवायला सांगा.